जीव शोधायचा तर आधी एन्सेलेडस, आणि तिथे वेग जपून

वायुरूप ग्रहांच्या चंद्रांवर जीव असेल का, हा विषय निघाला की गाडी लगेच गुरूच्या युरोपाकडे वळते. युरोपा मोठा, त्याच्या बर्फाखालचा समुद्रही मोठा. १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालेलं नासाचं युरोपा क्लिपर यान एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. त्या मोहिमेचं स्वागतच आहे. पण उत्तर आधी मिळालंच तर ते शनीच्या एन्सेलेडसवर मिळेल, आणि पुढचा मोठा खर्च तिथेच व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. युरोपाचं पाणी कित्येक किलोमीटर बर्फाखाली कोंडलेलं आहे. एन्सेलेडस आपलं पाणी स्वतःच बाहेर फेकतो. भोक पाडायची गरजच नाही.

हा चंद्र जेमतेम ५०४ किमी व्यासाचा, म्हणजे मुंबई-नागपूर सरळ अंतरापेक्षाही लहान. एवढासा गोळा कधीच गोठून जायला हवा होता. पण तो सुमारे ३३ तासांत शनीभोवती एक फेरी मारतो आणि डायोनी हा दुसरा चंद्र त्याच्या दुप्पट वेळ घेतो. या तालामुळे एन्सेलेडसची कक्षा पूर्ण गोल होऊच शकत नाही, शनीची ओढ प्रत्येक फेरीत कमीजास्त होते आणि चंद्र आतून मळल्यासारखा दाबला जातो. तीच त्याची ऊब. दक्षिण ध्रुवावर सुमारे १३० किमी लांबीच्या चार भेगा आहेत आणि त्यांतून सेकंदाला साधारण ३०० किलो वाफ उडते. दहा हजार लिटरचा टँकर अर्ध्या मिनिटात भरेल, इतकी.

शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाने हे फवारे २००५ मध्ये पकडले आणि पुढे त्यांतून अनेकदा उड्डाण केलं. बर्फकणांत मीठ सापडलं. २०१५ मध्ये सिलिकाचे (वाळूतल्या खनिजाचे) अतिसूक्ष्म कण नोंदले गेले. असे कण तयार व्हायला समुद्रतळाशी पाणी ९० अंशांच्या पुढे तापावं लागतं. २०१७ मध्ये वाफेत रेण्वीय हायड्रोजन मिळाला, २०२३ मध्ये फॉस्फेट, म्हणजे जीवाला लागणाऱ्या फॉस्फरसचं संयुग.

पाण्यात फॉस्फेट का आहे, हे समजून घेण्यासारखं आहे. एरवी फॉस्फेट कॅल्शियमशी बांधलं जाऊन खडकात अडकतं. पण पाण्यात कार्बोनेट भरपूर असेल तर कॅल्शियम आधी त्याच्याशी जुळून चुनखडी बनतं आणि फॉस्फेट मोकळं राहतं. म्हणजे एन्सेलेडसचा समुद्र हा मिठासोबत सोड्याचाही (सोडियम कार्बोनेटचाही) समुद्र आहे. आपल्या लोणारच्या पाण्याचा क्षार बराचसा याच सोड्याचा. अर्थात लोणारला ऊन मिळतं, तिथलं हिरवं शेवाळ त्यावर जगतं. एन्सेलेडसच्या समुद्रात सूर्यप्रकाश नाही, जगायचं तर रसायनांवरच.

अशी रसायनं आहेत का? आहेत. चार रेणू हायड्रोजन आणि एक रेणू कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन आणि पाणी करून त्यातल्या ऊर्जेवर जगणारे सूक्ष्मजीव पृथ्वीवर आहेत, आणि फवाऱ्यात हे सगळे वायू आहेत. पण ‘मिथेन म्हणजे जीव’ अशा बातम्या येतात तेव्हा एक अडचण सांगितली जात नाही. हायड्रोजन हे अन्न असेल, तर ते एवढं शिल्लक का? भुकेलेल्यांची पंगत बसली असती तर ताटात इतकं उरलं नसतं. पूर्वी म्हणता यायचं की दुसरं काहीतरी कमी पडत असेल, फॉस्फरस असेल कदाचित. २०२३ नंतर ती सबब फारशी उरली नाही. मला हा जीव असण्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा वाटतो, आणि म्हणूनच तिथे जाऊन बघायला हवं.

जाऊन बघायचं म्हणजे काय, इथे खरी मेख आहे. कॅसिनीची उपकरणं १९९० च्या दशकातली, फवाऱ्यासाठी बनवलेलीच नव्हती. त्यातला वायूंचा मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं उपकरण, हायड्रोजन अणूच्या साधारण ९९ पटींहून जड रेणू मोजू शकत नव्हता. शिवाय बर्फकण या उपकरणाच्या टायटॅनियमच्या भिंतीवर वेगाने आदळले की पाणी आणि धातूच्या अभिक्रियेतूनच हायड्रोजन तयार व्हायचा! म्हणून २८ ऑक्टोबर २०१५ च्या, पृष्ठभागापासून ४९ किमीवरून गेलेल्या उड्डाणात वाफ भिंतीला न लागता थेट मोजली गेली, तेव्हा कुठे हायड्रोजनचा आकडा विश्वासाचा झाला.

वेग ही तर चाळणीच आहे. बर्फकण तपासणारं उपकरण कण आदळून फुटला की सुटणारे आयन, म्हणजे विद्युतभारित तुकडे, मोजतं. कण सेकंदाला ४ ते ६ किमीने आदळला तर अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आणि मेदाम्लं (चरबीचे घटक) बऱ्यापैकी शाबूत दिसतात. त्याहून हळू गेलात तर आयन पुरेसे सुटत नाहीत, फार जोरात गेलात तर मोठ्या रेणूंचे तुकडे होतात. १८ किमीच्या आसपास मात्र पाण्याच्या रेणूंचे पुंजके बनत नाहीत आणि त्यांच्याआड लपलेले काही सेंद्रिय रेणू उघडे पडतात, हेही कॅसिनीच्याच जुन्या नोंदींतून दिसलं. एन्सेलेडसभोवतीच फिरत राहिलात तर वेग सेकंदाला जेमतेम दीडशे मीटर, तिथे आदळण्यावर चालणारं उपकरण निरुपयोगी. कण नरसाळ्यात गोळा करून, वितळवून तपासावे लागतील. उंचीही महत्त्वाची: समुद्राचे थेंब गोठून झालेले खारे कण जड असतात, ते बरेचसे खालीच परततात. वरून गेलात तर वाफेपासून गोठलेला शुद्ध बर्फच जास्त हाती लागेल.

आणि सापडलं तर ओळखायचं कसं? ग्लायसीन या सर्वांत साध्या अमिनो आम्लावर एकट्यावर विसंबू नका, ते उल्कांतही मिळतं. इतर अमिनो आम्लांचं ग्लायसीनशी प्रमाण बघा. मेदाम्लांत सम संख्येच्या कार्बनसाखळ्या ठळकपणे जास्त आहेत का बघा, कारण जीव त्या दोन-दोन कार्बन जोडून बांधतो. एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या डाव्या-उजव्या रेणूंच्या प्रमाणातला फरक मोठा असायला हवा, कारण जीव बहुतेक एकाच बाजूचे वापरतो. उल्कांतही थोडा कल दिसतो, आणि पाण्यात काळ गेला की खऱ्या जीवाचा कलही पुसला जातो. म्हणून कोणतीही एकच खूण पुरेशी नाही, तीन-चार एकाच नमुन्यात जुळायला हव्यात.

युरोपीय अंतराळ संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये पुढच्या मोठ्या मोहिमेसाठी एन्सेलेडसची निवड सुचवली, उड्डाण २०४० च्या दशकात. आराखडा कागदावर येईल तेव्हा वजन कमी करायचा दबाव येणारच. त्या वेळी कॅमेरा लहान करा, अँटेना लहान करा, पण ब्लँकला हात लावू नका. फवाऱ्याचा नमुना न घालता तीच नळी, तेच शुद्ध पाणी आणि तोच डिटेक्टर चालवून घेतलेली नोंद म्हणजे ब्लँक. ती नसेल तर सापडलेलं अमिनो आम्ल एन्सेलेडसचं की यानाची जुळणी करणाऱ्याच्या बोटाचं, हे कुणालाही सांगता येणार नाही.