‘टेप लावा, विसरून जा’ म्हणणाऱ्यांना

तो मिनिटभराचा व्हिडिओ आतापर्यंत मला पाच जणांनी पाठवलाय. कॅम्परच्या, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीच्या, टपावरचा भेगाळलेला सांधा दिसतो, एक हात त्यावर पांढऱ्या चिकट टेपची गुंडाळी सोडत जातो, मग वरून बादलीभर पाणी ओततात आणि आत एक थेंबही पडत नाही. सोबत ठळक अक्षरांत पाच वाक्यं: जुनं सीलंट (फटी बुजवायचा लगदा) खरवडायची गरज नाही. आत जिथे डाग, वर तिथे पट्टी. ओल्यावरही चिकटते. कुठल्याही टपाला चालते. एकदा लावली की कायमची सुट्टी.

टेपशी माझं वैर नाही. माझ्या कॅम्परच्या पुढच्या कॅपचा, म्हणजे समोरच्या साच्यातल्या तुकड्याचा, सांधा टेपनेच झाकलाय आणि तो कोरडा आहे. भांडण आहे ते या पाच वाक्यांशी. टेपने सांधा दुरुस्त होत नाही, त्याच्यावर झाकण बसतं. आणि झाकण किती घट्ट बसणार हे ते ज्याच्यावर बसवलं त्यावर ठरतं, गुंडाळीवर काय छापलंय त्यावर नाही.

“जुनं सीलंट खरवडायची गरज नाही.”

पाचांतलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. मी कॅम्पर घेतला तो वापरलेला. आधीच्या मालकाने मागच्या सांध्यावर चार इंची टेप अगदी सरळ रेषेत लावली होती, बघून बरं वाटलं. एका कडेला नख घातलं तर पट्टी सोललेल्या केळ्यासारखी हातात आली, जवळजवळ अर्धा मीटर, काही जोर न लावता. उलटी करून पाहिली. गोंद अजून चकचकीत आणि चिकट होता, म्हणजे माल वाईट नव्हता. पण दोन्ही कडांच्या गोंदावर पिठासारखा पांढरट थर बसला होता, आणि मधोमध बोटभर रुंदीच्या पट्ट्यात काहीच नव्हतं, ना धूळ ना रबर. त्या पट्ट्याच्या बरोबर खाली टपावर पारदर्शक सिलिकॉनचा जुना ओघळ होता. ओघळाच्या कडेकडेने काळसर चिखलाची एक बारीक रेघ गेली होती. पाणी तिथून नेमाने ये-जा करत होतं, आणि वर टेप असल्यामुळे ते कुणाला दिसत नव्हतं.

यात दोन वेगळ्या चुका आहेत. पांढरा थर म्हणजे रबरी मेंब्रेनची, टपावर अंथरलेल्या पातळ चादरीची, भुकटी. उन्हाने पांढऱ्या रबराचा वरचा पापुद्रा झिजत जातो. टपावर तळहात फिरवा, खडू घासल्यासारखा हात पांढरा होईल. टेप त्या भुकटीला इमानेइतबारे चिकटते, पण भुकटी टपाला चिकटलेली नसते. ती आधी साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने घासून, भरपूर पाण्याने धुऊन काढावी लागते. मग पूर्ण वाळवायचं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात, तोही दर वेळी स्वच्छ चिंधीने. एकच चिंधी फिरवत राहिलो तर आपण घाण काढत नाही, सारवत बसतो.

दुसरी चूक सिलिकॉनची. कुठलाही गोंद धरायचा तर आधी तो पृष्ठभागावर पसरला पाहिजे, आणि सिलिकॉनची पृष्ठऊर्जा इतकी कमी असते की त्यावर गोंद पसरायलाच मागत नाही. बाकीचं सोडा, जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉनसुद्धा भरवशाने बसत नाही. शंका असेल तर रंगाऱ्यांची साधी मास्किंग टेप त्यावर दाबून बघा. आजूबाजूला धरतेय आणि ओघळावरून अलगद सुटतेय, तर ते बहुधा सिलिकॉनच. ते खरवडूनच काढायचं. मेंब्रेन असेल तर प्लास्टिकच्या स्क्रेपरने, कारण धातूच्या पात्याने एक भोक बुजवताना दोन पाडणं फार सोपं.

एक गोष्ट त्या व्हिडिओवाल्याच्या बाजूची. टपासाठीचं आपोआप सपाट पसरणारं सीलंट जुनं झालं, पण अजून घट्ट बसलेलं असेल, तर ते तळापर्यंत काढलंच पाहिजे असं नाही. स्वच्छ करून त्यावर त्याच जातीचं नवं सीलंट ओतता येतं. पण मग सीलंटच ओता. त्या उंचवट्यांवरून टेप ओढली की गाठींच्या बाजूला पोकळी राहते, आणि पाण्याला तेवढी फट पुरते. स्क्रूच्या डोक्यांचंही तेच.

“आत जिथे डाग, वर तिथे पट्टी.”

याला आपल्याकडे म्हण आहे: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

टप म्हणजे एक पत्रा नव्हे. वर मेंब्रेन किंवा फायबर किंवा ॲल्युमिनियम, त्याखाली बहुतेक वेळा प्लायवुड, मग आडव्या पट्ट्या, मध्ये थर्मोकोलसारखं भरण, आणि सगळ्यात खाली आपल्याला दिसणारं छत. वरच्या भोकातून शिरलेला थेंब सरळ खाली पडत नाही. तो प्लायवुडवर पसरतो, पट्टीला लागला की उताराने पट्टीच्या कडेने चालू लागतो, वायरसाठी पाडलेलं भोक सापडलं की तिथून उतरतो. माझ्या पलंगाच्या वर, छतावर पडलेल्या डागाचा उगम निघाला दोन मीटर पुढे, अँटेनाच्या बुडाशी. मी मात्र डागाच्या डोक्यावरचा सांधा दोन शनिवार घासत बसलो होतो.

त्यामुळे आधी शोध, मग टेप. लाकडातली ओल मोजायचं दोन सुयांचं मीटर मिळतं. डागापासून चारी दिशांना मोजत जायचं आणि आकडा कुठल्या बाजूला चढतोय ते पाहायचं. २० टक्क्यांच्या वरचं लाकूड काळजीचं समजतात. वर चढल्यावर सांध्यांच्या आधी भोकं बघायची: व्हेंट, स्कायलाइट, एसीची चौकट, शिडीचे स्क्रू. कडेच्या मोल्डिंगमध्ये (सांधा झाकणाऱ्या पट्टीत) रबराची एक लांब पट्टी खोचलेली असते, तीही थोडी उचलून बघा. खाली स्क्रू गंजलेले दिसले तर पाणी तिथून शिरतंय. मोल्डिंगच्या पोटात पुटी किंवा ब्यूटाइल या चिकट रबराचा थर दाबून बसवलेला असतो, खरी राखण तो करतो. तो वाळून तडकला की मोल्डिंग काढून नवा थर घालणं हाच इलाज, मग वरून कितीही टेप चढवा.

आणि कधी कधी गळती नसतेच. प्रोपेन जळताना दर किलोमागे सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यात झोपलेल्या माणसांचा श्वास. थंडीच्या रात्री खिडक्या बंद करून शेगडी पेटवली की ही वाफ सगळ्यात गार जागा शोधते, म्हणजे टपापर्यंत गेलेले धातूचे स्क्रू. सकाळी छतावर ओळीने, ठरावीक अंतरावर ओले ठिपके दिसले आणि रात्री पाऊस पडलेला नसेल, तर टेप खाली ठेवा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवून झोपा.

“ओल्यावरही चिकटते.”

ओल्या पृष्ठभागासाठी मुद्दाम बनवलेल्या मोजक्या टेपा आणि सीलंटं असतात, भर पावसात रात्र निभावून न्यायला त्या उपयोगी पडतात. बाकीच्यांना कोरडं लागतं, आणि सकाळचं दव हेही पाणीच. पण माझा मुख्य आक्षेप पृष्ठभागाला नाही, पोटातल्या पाण्याला आहे. खालचं प्लायवुड भिजलेलं असताना वरून बंद केलं तर ती ओल जाणार कुठे? ऊन लागलं की वाफ होऊन ती टेपलाच फुगे आणते, आणि सावलीत गपचूप लाकूड कुजवते. टपावर हलक्या पायाने चाला. पायाखाली स्पंजासारखं दबलं तर ते काम टेपचं राहिलेलं नाही.

“कुठल्याही टपाला चालते.”

‘टेप’ या एका शब्दाखाली तीन-चार अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. डक्ट टेप म्हणजे कापडावर पातळ प्लास्टिक आणि रबरी गोंद. उन्हात थोड्याच काळात प्लास्टिक तडकतं आणि गोंदाचा चिकट राडा मागे उरतो. डांबराच्या गोंदाची टेप पत्र्यावर ठीक, पण रबराच्या किंवा प्लास्टिकच्या मेंब्रेनवर नको. तिच्यातली तेलं मेंब्रेनमध्ये झिरपतात, ती मऊ पडते, डागाळते. मेंब्रेनसाठी वापरतात त्या ईपीडीएम रबराला पेट्रोलियमचं वावडंच आहे. म्हणूनच रॉकेल किंवा टर्पेंटाइनने टप ‘साफ’ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

कॅम्परच्या टपाला साधारण शोभते ती ब्यूटाइलची जाड टेप, वर ऊन सोसणाऱ्या प्लास्टिकचा थर असलेली. ब्यूटाइल रबर १९३७ साली स्टँडर्ड ऑइलच्या न्यू जर्सीतल्या विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी तयार केलं. हवा आरपार जाऊ न देण्यात ते इतकं पक्कं की टायरच्या ट्यूबांसाठी त्याचा मोठा वापर झाला. टेपमधलं ब्यूटाइल मात्र ट्यूबसारखं पक्कं केलेलं नसतं, ते मऊ आणि चिकटच राहतं. तरी टीपीओ या प्लास्टिकच्या मेंब्रेनच्या टपावर ब्यूटाइल टेपलाही अनेकदा आधी प्रायमर, म्हणजे पकड वाढवणारा हात, लागतो, कारण टीपीओ पॉलिथिनच्या भावकीतलं, गोंदाला सहज थारा न देणारं. आपला टप कुठला हे माहीत नसेल तर व्हेंटची आतली चौकट उतरवून कापलेली कड पाहा. वर पांढरा आणि खाली काळा थर असेल तर बहुधा ईपीडीएम.

“एकदा लावली की कायमची सुट्टी.”

सांधा स्थिर नसतो. ६ मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा पत्रा मोकळा ठेवला आणि त्याचं तापमान ५० अंशांनी वाढलं तर तो सुमारे ७ मिलिमीटरने लांबतो. रात्रीचा गारवा आणि दुपारचं ऊन यांत टपाच्या पृष्ठभागावर एवढा फरक सहज पडतो. स्क्रूंनी जखडल्यामुळे प्रत्यक्षात हालचाल कमी होते, पण जी होते ती सांध्यांवर येते, आणि त्यात रस्त्यावरची पिळवटणूक वेगळी. १ मिलिमीटरची फट २ मिलिमीटरची झाली तर तिच्यावर ताणून बसलेल्या टेपच्या पातळ पापुद्र्याला तेवढ्या जागी दुप्पट लांब व्हावं लागेल. जाड, मऊ गोंदाचा खरा उपयोग इथे. तो दोन्ही बाजूंना थोडा सरकतो आणि ताण रुंदीभर वाटून टाकतो. पातळ गोंदाच्या टेपला ते जमत नाही. फॉइलची पाठ असलेली टेप वरचेवर वाकून चिरते. म्हणून टेप लावताना ताणायची नाही, नुसती ठेवत जायची.

ठेवल्यावर रोलर, तोही अंगाचा भार देऊन, मधून कडांकडे. या टेपा दाबाने चिकटणाऱ्या आहेत, हात फिरवल्याने भागत नाही. कोपरे कात्रीने गोल करायचे, टोकदार कोपरा वाऱ्याला धरायला आयता मिळतो. कडेला एक चुणी राहिली तरी तो पाण्यासाठी बोगदाच. एकावर एक येणारे तुकडे कौलांसारखे, खालचा आधी आणि वरचा त्याच्यावर. एवढं केल्यावरही वर्षातून निदान दोनदा टपावर चढून कडा तपासायच्या. सुट्टी नाही.

आणि हे सगळं उत्तम जमलं तर दुसरीच पंचाईत: चांगली लागलेली ब्यूटाइल टेप पुढे काढायची वेळ आली की मेंब्रेनसकट निघते. व्हेंटच्या चौकटीसारखी जी वस्तू कधीतरी उघडावी लागणार, तिच्याभोवती म्हणूनच मी सीलंटच वापरतो.

राहिली बादली. उभ्या गाडीवर अर्धा मिनिट ओतलेलं पाणी काय सिद्ध करतं? ताशी १०० किलोमीटर वेगाने पावसात जाताना समोरच्या भागावर वाऱ्याचा जो दाब येतो, तो जवळपास पावणेपाच सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. तो पाण्याला फटीत ढकलतो. ओतलेलं पाणी उताराने निघून जातं. शिवाय काही गोंदांची पकड पूर्ण व्हायला वेळ लागतो. ॲक्रिलिक फोम टेपची पकड साधारण तापमानाला २० मिनिटांत निम्मी आणि ७२ तासांत पूर्ण होते. व्हिडिओत तर टेप लावून हात झटकायच्या आत बादली आली.

मी परीक्षा उलटी घेतो. गॅसची सगळी उपकरणं बंद, खिडक्या बंद, बेसिनच्या जाळ्यांना बोळे, आणि एका व्हेंटमधून पंख्याने आत हवा भरायची, फार जोर नको. मग टपावर चढून प्रत्येक सांध्यावर आणि स्क्रूवर साबणाचं पाणी ब्रशने लावत जायचं. त्या दिवशी दोन शनिवार खर्चून टेप लावलेल्या सांध्यावर एकही बुडबुडा आला नाही. अँटेनाच्या बुडाशी मात्र मटाराएवढा एक फुगला, फुटला, आणि लगेच त्याच जागी दुसरा फुगू लागला.