'पोहून कान दुखतोय? लसणाचं तेल घाला' या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मेसेज तिघांनी टाकला. 'पोहून आल्यावर कान दुखतोय? डॉक्टरकडे जाऊ नका.' खाली पाच गोष्टी. कानात अडकलेलं पाणी मेंदूत चढतं. मोहरीच्या तेलात लसूण कढवून चार थेंब घाला, वर कापूस कोंबा. सकाळी काडीने मळ कोरून काढा. मेडिकलवाल्याचे थेंब घालू नका, बहिरेपण येतं, त्यापेक्षा अँटिबायोटिकची गोळी घ्या. आणि पोहून आल्यावर रोज व्हिनेगर. तो वाचून माझ्या सासूबाईंनी माझ्या 9 वर्षांच्या मुलाच्या कानात दोन दिवस दुपारी तेल घातलं. मी बँकेत होते. दुसऱ्या रात्री उशीला लसणाचा वास आला तेव्हा मला कळलं. म्हणून हे लिहितेय, आणि रागातच लिहितेय.

मेंदूचं आधी उरकते. कानाची नळी मोठ्या माणसात जेमतेम 2.5 सेंटिमीटर लांब, आणि तिच्या टोकाला पडदा. पडदा धड असेल तर पाणी त्याच्या पलीकडेच जात नाही, मेंदू तर दूरच राहिला. पाणी नळीतच साचतं. तिथली कातडी भिजून मऊ पडते, तिचं रक्षण करणारं मेण, म्हणजे आपण म्हणतो तो मळ, धुऊन जातं आणि स्यूडोमोनाससारख्या, ओलीत वाढणाऱ्या जंतूंना वाट मिळते. ओळखायची खूण सोपी आहे: कान हलक्या हाताने ओढला किंवा भोकापुढचा छोटा उंचवटा दाबला की कळ येते. सर्दीनंतर पडद्यामागे जे दुखणं होतं, त्यात सहसा असं होत नाही. माझा मुलगा गळ्यातून बनियनसुद्धा काढू देत नव्हता, कानाला लागेल म्हणून.

आता तेल. आमच्या ग्वाल्हेरात मोहरीच्या तेलाशिवाय घर नाही, मुरैना आणि भिंड हे शेजारचे जिल्हेच मोहरीचे. लोणच्यात घाला, थंडीत अंगाला चोळा, माझी काही हरकत नाही. पण सासूबाईंनी फोडणीच्या पळीत लसणाच्या पाकळ्या काळ्या होईस्तोवर तळल्या, तेलात करंगळी बुडवून 'कोमट झालं' म्हणाल्या आणि ते सुजलेल्या कानात ओतलं. करंगळीची कातडी कुठे आणि नळीच्या आतल्या भागात हाडाला चिकटलेली ती पातळ कातडी कुठे! बोटाला जे कोमट लागतं ते तिथे पोळू शकतं. शिवाय पाणी निदान सुकतं तरी. तेल सुकत नाही, कातडीवर थर धरून बसतं, आणि मग औषधही तिथवर पोचत नाही. पडद्याला आधीच भोक असेल तर ते तेल थेट आत. वर कापूस कोंबला की हवा बंद, आत ऊब आणि ओल. जंतूंना आणि बुरशीला आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी बारीक नळीने ते सगळं ओढून काढलं. पिवळा तेलकट कापूस, पांढरे पापुद्रे, चिकट लगदा. मुलानं माझा हात असा आवळला की बांगडीचा वळ उठला. कानाची नळी इतकी सुजली होती की औषधाचे थेंब आत उतरेनात. मग त्यांनी कानात एक छोटी वात सरकवली. औषध तिच्यावर टाकायचं, ती फुगते आणि आतपर्यंत पोचवते. सासूबाई बाहेर बाकावर बसून रडत होत्या. त्यांनी जे केलं ते मायेनंच केलं, माझा राग त्यांच्यावर नाही. ज्यानं कोणी हे लिहून पुढे ढकललं त्याच्यावर आहे.

काडीचं काय बोलायचं! कानातला मळ ही घाण नव्हे, ते किंचित आंबट, पाणी झटकणारं संरक्षण आहे. काडीने तो आत ढकलला जातो आणि कातडीला ओरखडे पडतात.

थेंब की गोळी, यात मात्र मेसेजनं सगळंच उलटं केलंय. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 साली याच दुखण्यावरची मार्गदर्शक तत्त्वं सुधारून काढली. त्यांत स्पष्ट म्हटलंय की साध्या दुखण्यात पहिला उपचार थेंबांचा, गोळ्यांचा नाही. थेंबांनी तिथे औषधाचं प्रमाण गोळीच्या 100 ते 1000 पट मिळतं. संसर्ग नळीबाहेर पसरला, किंवा मधुमेहासारखं काही असलं, तरच पोटात घ्यायच्या अँटिबायोटिकचा विचार. बहिरेपणाच्या भीतीत तथ्य आहे, पण अर्धंच: पडद्याला भोक असताना जेंटामायसिन, निओमायसिनसारख्या अँटिबायोटिकचे थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात. म्हणून तर आधी कान दाखवायचा आणि डॉक्टर देतील तेच थेंब घालायचे.

व्हिनेगरचं मान्य करावं लागतं. त्यातल्या सौम्य ॲसेटिक ॲसिडमुळे नळीचा आंबटपणा परत येतो, जंतू दबतात, आणि पडदा धड असलेल्या पोहणाऱ्यांना डॉक्टरही ते सुचवतात. पण दुखू लागण्याआधी. सुजलेल्या कानात ते आग करतं.

सगळ्यात भयंकर ते, जे मेसेजमध्ये लिहिलेलंच नाही. मधुमेही माणसाच्या कानातला हा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पसरू शकतो. रात्री झोपू न देणारं दुखणं, कानातून सतत पू, आणि पुढे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं. अशा कानाला घरी थांबवून ठेवण्यातला प्रत्येक दिवस महाग पडतो. सासूबाईंना 12 वर्षांपासून शुगर आहे आणि पळीतलं उरलेलं तेल त्यांनी स्वतःच्या खाजणाऱ्या कानासाठी वाटीत झाकून ठेवलं होतं. ते मी ओतून टाकलं.

मेसेज टाकणाऱ्या तिघांपैकी दोघांना शुगर आहे. काका, मावशी, तुमचा कान दुखला तर पळी गॅसवर ठेवू नका, मला फोन करा. मी रजा टाकून तुम्हाला घेऊन जाईन.