पाठीतल्या सुईची भीती

11 वर्षं झाली, नाशिकमध्ये ऑपरेशननंतरच्या रिकव्हरीत सिस्टर म्हणून काम करतेय. आज जरा मोठं लिहिते, पण घरात लहान मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात सुरगाण्याकडून चार वर्षांचा एक मुलगा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आला होता. भूलतज्ज्ञ मॅडमनी घरच्यांना समजावलं, की पूर्ण झोपवल्यावर पाठीत अगदी खाली एक इंजेक्शन देऊ, म्हणजे उठल्यावर दुखणार नाही. आजींनी तिथेच हात आडवा केला. "नको बाई, पाठीत सुई नको. सुनेला सिझरला दिली तेव्हापासून तिची कंबर धरलीय." बाप गप्प. आई खाली मान घालून उभी. तो ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, द्यायचा राहून गेला.

भूल उतरताना त्याने पहिल्यांदा पाय पोटाशी घेतले. सलाईनचा हात झटकायला लागला. सलाईनमधून दुखण्याचं औषध दिलं, तरी म्हणावा तसा शांत होईना. मी चादर सारखी करायला गेले तर तिचं नुसतं टोक पोटाला लागलं आणि तो किंचाळला. जखमेपासून चार बोटं लांब, जिथे ब्लेड लागलेलंही नव्हतं, तिथे! संध्याकाळी घरी जायचं पोर रात्रभर ठेवावं लागलं.

लोकांना वाटतं, भूल दिली म्हणजे दुखणं संपलं. तसं नाही हो. भुलेत मेंदू झोपतो, पण कापल्याचा निरोप नसांमधून मज्जारज्जूपर्यंत जातच असतो. त्या माऱ्याने तिथल्या पेशी इतक्या हुळहुळ्या होतात की नंतर साधा स्पर्शही दुखरा वाटतो. वेदनेवर संशोधन करणाऱ्या क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 साली प्रयोगातून हे दाखवलं. ब्लॉक त्या निरोपाला नसेतच अडवतो.

आणि "लहान आहे, विसरेल" हे तर कृपा करून म्हणू नका. 1980 च्या दशकापर्यंत नवजात बाळांना वेदना कळत नाहीत असं मोठमोठे डॉक्टर धरून चालायचे, नावापुरत्या भुलेवर ऑपरेशनं व्हायची. 1987 मध्ये डॉ. आनंद आणि हिकी या संशोधकांनी तो समज खोडून काढला. पुढे 1997 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी सुंता झालेल्या मुलग्यांना चार-सहा महिन्यांच्या लसीच्या वेळी पाहिलं. सुंता न झालेल्यांपेक्षा ती बाळं सुईला जास्त रडली. सुंतेआधी बधिर करणारं मलम लावलेल्यांमध्ये हा परिणाम कमी होता. बाळाला आठवत नसेल, पण शरीराने ते धरून ठेवलेलं असतं.

आता पाठीच्या सुईबद्दल. मुलांना देतात तो कॉडल ब्लॉक माकडहाडाच्या जरा वर, खूप खाली. मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपलेला असतो. सिझरची सुई वेगळी, तिची जागाही वेगळी. सुईची जागा दोन-चार दिवस हुळहुळते, पण बाळंतिणीच्या वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीमागे गरोदरपणातला ताण, वाकून पाजणं, बाळ उचलणं हेच जास्त असतं. खापर मात्र सुईवर! कॉडलनंतर कधीकधी लघवीला वेळ लागतो. रक्त गोठण्याचा आजार असेल किंवा त्या जागी फोड असतील तर हा ब्लॉक देत नाहीत, म्हणून तसं काही असेल तर लपवू नका. बेंबीच्या खालच्या ऑपरेशनला कॉडल; हाताचं असेल तर सोनोग्राफीत बघून नेमक्या नसेपाशी औषध सोडता येतं.

परवा हायड्रोसीलचं (अंडकोषाभोवती पाणी साचतं, त्याचं) ऑपरेशन झालेला एक मुलगा उठला तो "माझे पाय कुठे गेले?" म्हणत रडकुंडीला आला. कॉडलने पाय जड पडतात हे आईला आधीच सांगितलं होतं. ती तळवे चोळत बसली, दहा मिनिटांत स्वारी बिस्किट मागायला लागली.

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ भेटतात तेव्हा मुलाचं वजन आणि ॲलर्जी सांगून गप्प बसू नका. "ब्लॉक देणार का? कुठला? किती तास टिकेल?" हे विचारा. कॉडलचा असर साधारण चार ते सहा तासांत ओसरतो. घरी गेल्यावर पोर खेळतंय म्हणून पॅरासिटामॉलची बाटली कपाटात ठेवून देऊ नका. डॉक्टरांनी वजनावर जेवढा डोस आणि जी वेळ लिहून दिलीय, त्या वेळेला द्या, दुखायची वाट न बघता. रात्रीच्या डोसाला मोबाईलवर गजर लावा.