‘तेच ते दिवेआगर’ : ऐरोलीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दिवेआगरच्या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत. त्याला दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होणं मला बरं वाटेना, म्हणून हे वेगळं उत्तर.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. दरवर्षी ठाण्याहून उठून त्याच गावी, त्याच घरी जायचं आणि तेच ते लिहायचं, यात वाचणाऱ्याला नवं काय मिळतं? तेवढ्या पैशात व्हिएतनाम होतं. नव्या जागेची भीती वाटते म्हणूनच माणसं ओळखीच्या जागेला चिकटून राहतात. आणि सगळ्यात कडक मुद्दा शेवटी : आमच्यासारख्या शहरी पर्यटकांनीच कोकणातली गावं बिघडवली, तेव्हा त्या गावांबद्दल हळहळ व्यक्त करायचा आम्हाला अधिकार नाही.

पैशांचं आधी उरकते. एसटीने माणगाव, म्हसळा करत बोरली पंचतनला उतरायचं, तिथून रिक्षा. राहायला घरगुती खोली आणि जेवायला त्याच घरची पंगत. एवढ्यात आमच्या चौघांचं व्हिएतनाम होत नाही. झालं असतं तरी मी दिवेआगरलाच गेले असते, तेव्हा हा मुद्दा आपण सोडूनच देऊ.

‘तेच ते’ मात्र सोडवत नाही. तुम्ही ऐरोलीला राहता. तुमच्या खाडीवर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. त्या खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे वर्षानुवर्षं दुर्बीण घेऊन जाणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. यंदा पक्षी उशिरा आले, यंदा अमुक बाजूला उतरलेच नाहीत, हे त्यांना कळतं. पहिल्यांदा आलेल्याला नुसता गुलाबी थवा दिसतो. तोही सुंदरच असतो, पण काय कमी झालंय ते त्याला कळायला मार्ग नसतो. दिवेआगरबाबत मला तुमच्याशी हेच बोलायचं आहे, कारण तिथे काय गेलं आणि काय परत आलं, हे मी बघत आले आहे.

हे गाव आपल्याकडच्या बहुतेकांच्या कानावर आलं ते सोन्याच्या गणपतीमुळे. १९९७ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावाकडे गाड्यांची रीघ लागली. घराघरांत जेवणाची सोय झाली, पडवीच्या खोल्या झाल्या, काहींनी कर्ज काढून मागे चार खोल्या चढवल्या. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मुखवटा चोरीला गेला. दर्शनाला म्हणून येणारी गर्दी बघता बघता आटली. त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही गेलो, तर ज्या पंगतीत जागेसाठी थांबावं लागायचं तिथे आम्ही आणि पुण्याचं एक कुटुंब, एवढेच होतो. तेही आमच्यासारखंच दरवर्षी येणारं. आमच्या काकू (आम्ही ज्यांच्याकडे उतरतो त्या) वाढता वाढता म्हणाल्या, “गणपतीसाठी येणारे गेले, आमच्यासाठी येणारे आले.” त्या वाक्यात तक्रार नव्हती. कर्जाच्या हप्त्याचा हिशेब मात्र होता.

मुखवट्याची पुन्हा प्रतिष्ठापना व्हायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. मधल्या साडेनऊ वर्षांत त्या घरांच्या चुली दर्शनाच्या गर्दीवर पेटल्या नाहीत. समुद्रासाठी आणि त्या घरच्या माणसांसाठी पुन्हा पुन्हा येणाऱ्यांचा त्यात मोठा वाटा होता, असं मी खात्रीने म्हणते.

आणि प्रतिष्ठापनेच्या आधी निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं. ३ जून २०२०. अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात, भर दुपारी ते जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून जास्त. त्या दिवशी ठाण्यात आम्ही दिवसभर टीव्हीसमोर होतो. काकूंचा फोन कितीतरी दिवस लागला नाही. त्यात लॉकडाऊन, त्यामुळे जाणंही शक्य नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा रिक्षावाल्याने घरासमोर उभं केलं, तरी मला घर ओळखू आलं नाही. मी तिथे नेहमी सावलीतून शिरायचे. वर माडांचे झाप, त्यांच्याखाली पोफळींची (सुपारीच्या झाडांची) दाटी, त्यांच्यावर चढलेले मिरीचे वेल, मधून वाहणारा पाट. दुपारी बारालाही तिथे दिवा लावावासा वाटे. आता रस्त्यावरून थेट मागची विहीर दिसत होती, तिच्या पलीकडे शेजाऱ्यांची मोरी दिसत होती आणि वर नुसतं आभाळ. पोफळी एकावर एक आडव्या पडलेल्या. त्या कापून बाहेर काढायलाच इतका खर्च आला होता की बऱ्याच वाड्यांत तोवर खोडं तशीच होती.

सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजारांची मदत जाहीर केली होती. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण दिवेआगरच्या वाड्या हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यांत मोजतात. १०० गुंठ्यांचा हेक्टर, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. ज्या बाईची वाडी दहा गुंठ्यांची, तिला पाच हजार. आणि त्याच दहा गुंठ्यांतल्या सुपारीवर तिचा वर्षाचा किराणा आणि मुलांची फी निघत असे. हे गणित मला कुठल्या बातमीने समजावलं नाही. काकूंनी ओटीवर बसून, सुपारी सोलता सोलता समजावलं. ती सुपारीही आदल्या वर्षीची होती.

पोफळ लावली की फळ धरायला पाच ते सात वर्षं जातात. रोपाला कोवळेपणी ऊन सोसत नाही, त्यातही दुपारनंतरचं पश्चिमेकडून येणारं ऊन खोड भाजून काढतं. पूर्वी ही सावली माड देत होते. माडच पडले, तर रोपाला सावली कोण देणार? म्हणून काकूंनी आधी केळी लावल्या. केळी वाढल्या, त्यांची पानं पसरली, मग त्यांच्या आडोशाने पोफळीची रोपं. जिथे केळ पोचली नाही तिथे पश्चिमेच्या बाजूने झाप उभे करून बांधले. माझी मुलगी त्या वर्षी एका रोपाशेजारी उभी राहिली, तेव्हा ते तिच्या गुडघ्याला लागत होतं. पुढच्या वर्षी कमरेला. आता त्याचा शेंडा बघायला तिला मान वर करावी लागते. खोडावर एकेक पान गळून पडल्याची वळी दिसतात, ती मोजायचा तिला नाद लागला आहे. दरम्यान एके वर्षी त्यातली काही रोपं पावसात पाणी साचून कुजली, ती पुन्हा लावली. त्याच वर्षी खोल्यांचं भाडं थोडं वाढलं, आणि ते का वाढलं हे आम्हाला विचारावं लागलं नाही.

आता सांगा, यातलं कुठलं वर्ष ‘तेच ते’ होतं?

गर्दीबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र बरंचसं खरं आहे. शनिवारी दुपारनंतर आणि विशेषतः ३१ डिसेंबरला त्या किनाऱ्यावर जे चालतं, ते बघवत नाही. थेट वाळूत घातलेल्या गाड्या, रात्री उशिरापर्यंत प्रखर दिवे, सुरूच्या बनात बाटल्या. याच वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी फूट-दीड फूट खोल खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि वाळू सारखी करून समुद्रात परत जाते. पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. वरून गाडी गेली की वाळू दाबली जाते, आणि दिव्यांच्या झगमगाटात पिल्लं समुद्राऐवजी उलटीकडे जाऊ लागतात. घरटी सापडली की ती सुरक्षित जागी हलवून राखण करणारी माणसं त्या किनारपट्टीवर आहेत, म्हणून निभावतंय.

पण ही गर्दी आणि वर्षानुवर्षं जाणारी माणसं एकाच पारड्यात टाकू नका. जो एकदाच येणार आहे, त्याला दोन दिवसांत सगळं वसूल करायचं असतं. ज्याला पुढच्या वर्षी त्याच ओटीवर बसायचं आहे, त्याला कचरा टाकताना कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागतं. आम्ही गेली कित्येक वर्षं सोमवार ते गुरुवार जातो. मासे हवे असतील तर भरडखोलला जाऊन घेतो. विहिरीचं पाणी मे महिन्यात किती खाली जातं हे डोळ्यांनी पाहिल्यापासून मे टाळतो. हे शहाणपण आम्ही ठाण्याहून नेलेलं नाही, तिथे परत परत जाऊन आलेलं आहे. त्यामुळे हळहळायचा अधिकार मी सोडणार नाही.

राहिली भीती. नव्या जागेची भीती मला नाही. नोकरीनिमित्त खूप फिरले आहे, आणि तुम्ही व्हिएतनामबद्दल लिहिलंत तर आवडीने वाचेन. पण एखादं गाव म्हणून काय असतं हे मला नवीन गावांनी शिकवलं नाही. दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा मराठी ताम्रपट सापडला आहे, हे मला तिथे कैक वर्षं जाऊन मग कळलं, तेही रूपनारायणाच्या देवळात भेटलेल्या एका आजोबांकडून. पहिल्या वर्षी ते आमच्याशी बोललेसुद्धा नव्हते. ओळख व्हायला त्यांनी त्यांचा वेळ घेतला, आणि त्यांनी तो घ्यावा हेच बरोबर होतं.

शेवटी तुम्ही विचारलंत, पुढच्या वर्षी तरी दुसरीकडे जाणार का? नाही. यंदा काकूंच्या वाडीतल्या वादळानंतरच्या काही पोफळींना पहिला घड आला आहे, असं त्यांनी फोनवर सांगितलं. जानेवारीत जातो आहोत. त्यावरही लिहीन. तुम्हाला यायचं असेल तर मधल्या वारी या, शनिवार सोडून. काकूंचा नंबर त्यांना विचारून कळवते.