शेडकार्ड नंतर उघडा, आधी भिंतीवर हात फिरवा

घराला रंग काढायचं ठरलं की घरात दोन पक्ष पडतात. एकाला सगळीकडे पांढरा हवा असतो, दुसऱ्याला पांढरा म्हणजे दवाखाना वाटतो. मग शेडकार्डं येतात, फोनमध्ये फोटो साठतात, कुणाच्या तरी घरी पाहिलेला ‘तो हिरवट, पण हिरवा नव्हे’ असा रंग शोधला जातो. दिवसेंदिवस खल चालतो. आणि रंगारी? तो पाच मिनिटांत ठरतो. शेजारी काम चालूच होतं, त्यालाच बोलावलं, स्क्वेअर फुटाचा भाव विचारला, थोडी घासाघीस केली, “सोमवारपासून या” म्हटलं, विषय संपला.

माझ्या मते हे बरोबर उलटं व्हायला हवं. शेड चुकली तर घर फार तर मनासारखं दिसत नाही, आणि काही दिवसांनी डोळे त्याला सरावतात. भिंतीचं काम चुकलं तर वर कितीही भारी शेड असो, पापुद्रे निघायचे ते निघतातच. पापुद्र्यांना डोळे सरावत नाहीत.

रंगाकडून आपल्या अपेक्षाच फार. इमल्शनचे, म्हणजे भिंतीच्या पाण्यात मिसळायच्या रंगाचे, दोन हात (थर) वाळल्यावर भिंतीवर जो थर उरतो, तो साधारण एका केसाच्या जाडीचा असतो. एवढासा थर भेग बुजवणार नाही, खड्डा लपवणार नाही, ओल तर अजिबात अडवणार नाही. जे करायचं ते त्याच्याखाली. खरवडणं, भेगा भरणं, भिंत सपाट करणारी पुट्टी, पॉलिशपेपर, रंग धरून ठेवणारा प्रायमर. जुन्या भिंतीचं काम नीट केलं तर बराचसा वेळ यातच जातो, आणि शेवटी त्यातलं काहीही दिसत नाही. म्हणून तर कात्री नेमकी इथेच लागते.

आमच्याकडे एक वयस्कर रंगारी काम बघायला आले होते. शेड कोणती, हे त्यांनी विचारलंच नाही. भिंतीवरून तळहात फिरवला आणि हात उलटा करून मला दाखवला. पांढरी भुकटी. मग बोटाच्या पेराने ठोकत ठोकत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. टणटण, टणटण, आणि खिडकीखाली एकदम बद्द आवाज. तिथे पेन्सिलीने गोल काढला. “इथलं प्लास्टर सुटलंय. वर रंग मारला तर कधीतरी प्लास्टरसकट खाली येईल.” मग खिशातली बॅटरी काढली, भिंतीला टेकवून आडवी धरली. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवर उंचवटे, खड्डे, जुन्या पुट्टीच्या कडा, सगळं सावल्यांसकट उभं राहिलं.

“काका, नंतर हे इतकं दिसतं?”

“दिवा भिंतीला लागून असेल तर रोज रात्री दिसतं.”

त्यांचा भाव बाकीच्यांपेक्षा चढा होता. काम त्यांनाच दिलं.

तेव्हापासून रंगारी ठरवताना ‘किती वर्षं काम करताय’ हा प्रश्न मी विचारतच नाही. त्याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. विचारायचं ते एवढंच: या भिंतीला रंगाचा पहिला हात लावण्याआधी तुम्ही काय काय करणार? जो भिंतीजवळ जाऊन उत्तर देतो तो कामाचा. जो दारातूनच “एकदम चकाचक करून देतो साहेब” म्हणतो, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. फोनमधल्या फोटोंवर जाऊ नका. फोटोत प्रत्येक भिंत सुंदर असते. दोन-तीन वर्षांपूर्वी रंगवलेलं एखादं घर दाखवता येईल का, ते विचारा. तिथे गेलात तर मोठ्या भिंतीकडे बघायचंच नाही. स्विचबोर्डाच्या कडा, दारामागचा कोपरा, खिडकीच्या चौकटीलगतची रेघ, छत आणि भिंत मिळते ती ओळ, एवढं बघा. माणसाचा हात तिथे कळतो.

भावाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण इथे आपण हुशारी करतो आणि ती आपल्यालाच भोवते. मजुरी पाडून घेतली की रंगारी ती सोडून देत नाही, कामातून वसूल करतो. पुट्टीचे दोन हात ठरलेले असतात तिथे एक होतो. प्रायमर इतका पातळ होतो की भिंत नुसती ओली होते. पुट्टी पुरती वाळायच्या आत त्यावर रंग चढतो. यात मी त्याला फार दोष देत नाही. त्यालाही घर आहे, आणि आपण त्याच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो. कमी पैशांत काम हवं असेल तर सरळ खोल्या कमी करा. हॉल या वर्षी, बाकीचं पुढे. पण जे कराल ते खालून वरपर्यंत पूर्ण.

आणि ठरलेलं कागदावर आणा. स्टँपपेपर नको, साधा कागद पुरे. कोणत्या कंपनीचा कोणता रंग, कारण एकाच कंपनीत साध्यापासून भारीपर्यंत चार प्रती असतात आणि नुसतं कंपनीचं नाव लिहिलं की त्यातली सगळ्यात साधी प्रत घरी येते. पुट्टीचे, प्रायमरचे, रंगाचे किती हात. मोजमाप भिंतीचं की जमिनीच्या क्षेत्रफळावरून. दारं-खिडक्या वजा होणार की नाही. सामान कोण हलवणार, झाकणार कोण, फरशीवरचे शिंतोडे कोण काढणार. रंगकामातली निम्मी भांडणं रंगावरून होत नाहीत, या शेवटच्या तीन गोष्टींवरून होतात.

मोजमाप स्वतः एकदा करून बघा, अवघड नाही. 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट. चारी भिंतींची लांबी 44 फूट, म्हणजे भिंती 440 स्क्वेअर फूट, छत 120. दार-खिडकीचे वजा करा. चांगलं इमल्शन तयार भिंतीवर एका हाताला लिटरमागे साधारण 100 स्क्वेअर फुटांच्या आसपास जातं. म्हणजे त्या खोलीच्या भिंतींना दोन हातांसाठी आठ-नऊ लिटर. तुमच्या घरी चार लिटरमध्ये दोन हात ‘झाले’ असतील, तर झाले नाहीत.

ओलीबद्दल मात्र माझं डोकं गरम होतं. भिंतीवर डाग आला, पांढरं मीठ फुललं, की लोक वॉटरप्रूफ नावाचं काहीतरी आतून फासून घेतात. पाणी बाहेरून येतंय, नाहीतर मागच्या बाथरूमच्या पाइपातून येतंय, आणि आपण त्याला आतून झाकण लावतोय. पाणी त्या झाकणाला फुगवतं आणि फोडतं. आधी पाणी कुठून येतं ते शोधा, ते बंद करा, भिंत सुकू द्या. नक्की ओल आहे की खोलीतल्या दमटपणाचं पाणी साचतंय, अशी शंका असेल तर प्लास्टिकचा एक जाड तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवस राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला धरले तर खिडक्या उघडायला लागा. नव्या प्लास्टरचंही तेच. निदान चार आठवडे त्याला हात लावू नका. सिमेंट अल्कलीयुक्त असतं, ओलं असताना वर रंग चढवला की चट्टे पडतात.

घर खूप जुनं असेल तर अजून एक गोष्ट. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं, विशेषतः दारं-खिडक्यांच्या तैलरंगांत. घराच्या आतल्या रंगकामात व्हाइट लेड, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग, वापरू नये, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार 1921 सालचा आहे, पण शिसं त्यानंतरही कित्येक दशकं अनेक देशांत रंगातून घराघरांत येत राहिलं. असा जुना रंग कोरडा घासला की ती धूळ घरभर होते, आणि शिशाचा सगळ्यात जास्त धोका लहान मुलांना. कशाचा थर आहे याची खात्री नसेल तर तपासून घ्या, कोरडं घासू देऊ नका, मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा. आणि रंगाऱ्याच्या तोंडावर मास्क आहे का ते बघा. नसेल तर तुम्ही आणून द्या.

आता शेडकार्ड उघडा.

शेडकार्डावरचा तुकडा नखाएवढा, त्याच्याभोवती पांढरा कागद, शेजारी त्याचीच भावंडं. डोळा रंग कधी एकटा बघत नाही, शेजाऱ्यासकट बघतो. शेव्रेल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ गालिचा कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं, तर धागा उत्तम होता, शेजारच्या रंगांमुळे तो फिका भासत होता. यावरचं त्याचं पुस्तक 1839 साली निघालं. आपण मात्र अजून त्या नखाएवढ्या तुकड्यावर अख्ख्या हॉलचा निकाल लावतो.

शिवाय खोलीत भिंती एकमेकींवर उजेड टाकतात. पिवळ्या भिंतीवरून उडालेला उजेड पिवळाच असतो, तो समोरच्या पिवळ्यावर पडतो आणि दोन्ही जास्त पिवळ्या होतात. कार्डावर मोहक वाटलेला रंग घरात अंगावर येतो तो यामुळे. म्हणून कार्डावर जो आवडला, त्याहून एक पायरी फिका किंवा किंचित राखाडीकडे झुकलेला घ्या.

नमुना जुन्या भिंतीवर थेट लावू नका, खालचा रंग निकाल बिघडवतो. मोठा पांढरा पुठ्ठा घ्या, सॅम्पलच्या छोट्या डब्यातून त्यावर दोन हात मारा, वाळू द्या आणि तो पुठ्ठा घरभर फिरवा. सोफ्यामागे, खिडकीसमोर, कोपऱ्यात. सकाळी बघा, संध्याकाळी बघा, आणि रात्री तुमच्याच दिव्याखाली बघा. 2700 केल्विनचा पिवळसर दिवा आणि 6500 चा निळसर दिवा एकाच भिंतीला दोन वेगळे रंग देतात. दुकानात पडद्याशी तंतोतंत जुळलेली शेड घरी आल्यावर फटकून वागते, तीही दिव्यामुळेच. दिवे बदलायचे असतील तर आधी दिवे, मग शेड.

पुठ्ठा शेवटी फरशीवर उभा करा. पडदे बदलता येतात, सोफा बदलता येतो, फरशी आणि दारांचं लाकूड पुढची वीस वर्षं तिथेच आहे. फरशीत गुलाबी झाक असेल आणि भिंतीला हिरवट क्रीम दिलं, तर दोघं कायम भांडणार. ती झाक कळत नसेल तर फरशीवर कोरा पांढरा कागद ठेवा, लगेच उघडी पडते.

‘अंधाऱ्या खोलीला पांढरा द्या’ हा सल्ला मला अर्धाच पटतो. काही शेडकार्डांवर 0 ते 100 असा एक आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. पांढरा सगळ्यात जास्त परत फेकतो हे खरं, पण फेकायला आधी उजेड यावा तर लागतो! ज्या बोळात सूर्यच येत नाही तिथे पांढरा मळकट राखाडी दिसतो. तिथे ऊबदार, मध्यम रंग द्या आणि एक दिवा वाढवा. थोडा उजेड येत असेल तर मात्र पांढऱ्याच्या जवळपासच राहा.

चकाकीचं सूत्र सोपं आहे. बिनचमकीचा मॅट लपवतो, चकचकीत ग्लॉस चहाड्या करतो. भिंत वाकडीतिकडी असेल, किंवा खिडकीचा उजेड तिच्यावरून तिरका जात असेल, तर मॅटच. छताला मॅट. जिथे मुलांचे हात लागतात तिथे धुता येईल असा, किंचित चमक असलेला.

निळा मन शांत करतो, पिवळा बुद्धी वाढवतो वगैरे मी ऐकून सोडून देतो. 1979 साली सिॲटलच्या नौदल कोठडीत भिंतींना एक खास गुलाबी रंग दिला. त्याने कैदी शांत होतात असा गाजावाजा झाला, इतरही ठिकाणी कोठड्या गुलाबी झाल्या. नंतर 2015 साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर अभ्यासात तसा काहीच परिणाम सापडला नाही. तुम्हाला निळा आवडतो म्हणून निळा लावा. तेवढं कारण भरपूर झालं.

आणि ती एकच गडद ‘हायलाइट’ भिंत... असो, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे आणि त्यावरून माझं घरातही पटत नाही.

काम चालू असताना रोज एक चक्कर मारा, पण डोक्यावर उभे राहू नका. डबे तुमच्यासमोर उघडू द्या. पाणी किती घालायचं ते डब्यावरच लिहिलेलं असतं. एका शेडचे तीन-चार डबे असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत एकत्र करायला सांगा, कारण डब्याडब्यात बारीक फरक असतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, पण टप्पा कामाचा ठेवा, दिवसांचा नको. पुट्टी-प्रायमर झालं की इतके, पहिला हात झाला की इतके. शेवटचा हप्ता एकदा दिवसा आणि एकदा दिवे लावून भिंती बघितल्यावर. बघून झाल्या की त्याच वेळी द्या, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ नको. राहिलेला रंग झाकण घट्ट लावून ठेवा, शेडचा नंबर असलेलं लेबल फाडू नका, आणि डब्यावर मार्करने खोलीचं नाव लिहा.