२०२० पुढं काय कोरायचं?

गेले पंधरा दिवस आमच्या ग्रुपवर एका फळ्यावरून भांडण पेटलंय. मंडळाच्या हॉलला यंदा रंग दिला. आमच्या फुटबॉल लीगच्या विजेत्यांचा जुना लाकडी फळा वाळवीनं पोखरलेला, म्हणून त्या जागी काळ्या ग्रॅनाइटचा नवा बसवायचं ठरलं. डावीकडं साल, उजवीकडं टीम. कोरणारा अक्षरावर पैसे घेतो. २०१९ पर्यंत सगळं बिनबोभाट झालं. २०२० पुढं काय कोरायचं, इथं गाडी अडली.

आमची लीग म्हणजे बेळगावातल्या दहा टीमा, प्रत्येकीचे नऊ सामने आणि मग पहिल्या दोघींची फायनल. २०२० ला आमची गल्ली २२ गुणांवर पहिली, कॅम्पातली टीम २० वर दुसरी. फायनल रविवारी, १५ मार्चला होती. ती झाली नाही. का झाली नाही ते पुढं सांगावंच लागणार आहे, पण जरा दम धरा.

ग्रुपवर आता तीन पक्ष. आमच्या गल्लीतले म्हणतात, गुणांवर आम्ही पुढं होतो, आमचं नाव घाला. काही शहाणे म्हणतात, दोन्ही नावं घाला आणि विषय मिटवा. कॅम्पवाले म्हणतात, फायनल आता खेळू. तेव्हाचे अकरा उभे राहतील तेवढे राहू देत, पोटं सुटली असली तरी चालेल. हे सगळं मी गप्प बसून वाचत होतो. पण परवा कॅम्पाच्या सेंटर फॉरवर्डनं माझं नाव घेऊन लिहिलं, "तुमच्या इंग्लंडात बघ, कोरोना असून पण लीग पुरी केली. आम्हीच भित्रे." त्यावर चौदा अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या चुलतभावाचा.

माझं डोकं तिथं फिरलं.

इंग्लंडात लीग पुरी केली म्हणे. कुठली लीग? टीव्हीवर दिसते ती. मी बर्कनहेडला राहतो, लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या या काठाला. घरातून निघालं की चिप्पी म्हणजे मासे-बटाट्याचं दुकान, मग कोऑप, मग चढ संपला की प्रेंटन पार्क. ट्रॅनमिअर रोव्हर्सचं मैदान. २०२० च्या मार्चमध्ये ही टीम तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये खालून तिसरी होती. ३४ सामन्यांत ३२ गुण. लगेच वर विंबल्डनची टीम, ३५ सामन्यांत ३५. म्हणजे तीन गुणांचा फरक, एक सामना हातात, शिवाय मागचे तीन सामने जिंकलेले. दहा सामने शिल्लक होते. मग ९ जूनला क्लबांनी मतं घेतली आणि हंगाम तिथंच गुंडाळला. प्रेक्षक नाहीत, तिकिटाचा पैसा नाही, वर सगळ्या खेळाडूंच्या तपासण्यांचा खर्च, परवडणार कुणाला? गुण भागिले सामने. विंबल्डनचा भागाकार १, ट्रॅनमिअरचा ०.९४. सहा शतांश कमी पडले म्हणून रोव्हर्स खालच्या लीगमध्ये. चौथीतल्या पोरानं पाटीवर सोडवावं असं गणित, आणि त्यावर शंभरहून जास्त वर्षांच्या क्लबचं वर्ष बुडालं.

याच मैदानावर तेव्हा लिव्हरपूलच्या बायकांची टीमही खेळायची. त्यांची लीग २५ मे ला थांबवली आणि ५ जूनला त्यांनाही भागाकारानंच खाली ढकललं. वरच्या टीमपेक्षा एक गुण मागं, आठ सामने बाकी. आणि त्याच क्लबचे पुरुष? त्यांच्यासाठी रिकामी स्टेडियमं उघडली, चेंडू पुसून घेतले, दर आठवड्याला नाकात काड्या घातल्या. १३ मार्चला थांबलेली प्रीमियर लीग १७ जूनला परत सुरू झाली, कारण उरलेल्या ९२ सामन्यांचे पैसे टीव्हीवाल्यांकडून आलेले होते आणि ते परत करायची वेळ आली असती. एकाच क्लबच्या दोन टीमा, एकच लाल जर्सी. एकीला मैदान, दुसरीला पाटी-पेन्सिल.

त्याहून खाली गेलात तर आणखी मजा. जर्सी बेटावरच्या एका टीमनं त्या हंगामात २७ पैकी २७ सामने जिंकले होते. त्यांच्या पायरीवरचे सगळे निकाल पुसून टाकले. जणू खेळलेच नव्हते.

तेव्हा "इंग्लंडात पुरी केली" म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की आपली लीग यातल्या कुठल्या पायरीवर बसते. आपले सामने कुणी टीव्हीवर दाखवत होतं काय? मैदानाच्या कट्ट्यावर दोनशे माणसं आणि एक भडंगवाला.

आणि जे पुरं केलं ते तरी न्यायानं झालं म्हणता? पहिल्याच दिवशी ॲस्टन व्हिला आणि शेफिल्ड युनायटेडच्या सामन्यात व्हिलाचा गोलकीपर चेंडू हातात घेऊन गोलरेषेच्या आत गेला. अख्ख्या जगाला दिसलं. पंचाच्या मनगटावरच्या घड्याळाला सिग्नल आला नाही, म्हणून गोल नाही. सामना ०-०. हंगामाच्या शेवटी व्हिला एका गुणानं तगली आणि बोर्नमथ खाली गेली. मैदानावर संपलं म्हणजे खरं, असं ज्यांना वाटतं त्यांनी बोर्नमथला जाऊन विचारून यावं.

आमच्या गल्लीवाल्यांना यातून आनंद व्हायचं कारण नाही. ते कोलकात्याच्या मोहन बागानचं उदाहरण फेकतात: आपल्या देशातली आय-लीग अर्ध्यात थांबली तरी कप त्यांना दिलाच की. दिला. पण बागाननं १० मार्चलाच ऐझॉलला हरवून चार फेऱ्या राखून लीग मारली होती, मागून कुणी गाठूच शकत नव्हतं. आपण दोन गुणांनी पुढं होतो, आणि आपल्या लीगच्या नियमात गुणांवर फक्त फायनलचं तिकीट मिळतं. नियमाची वही माझ्या अक्षरात आहे, १९९८ ची. मला शिकवू नका.

मी लिहिलं, मोकळं ठेवा. साल कोरा आणि पुढं "फायनल झाली नाही" एवढंच. डचांनी तेच केलं. त्यांच्या लीगमध्ये आयॅक्स आणि ए झेड या दोन्ही टीमा ५६ गुणांवर होत्या, कुणालाच विजेता म्हटलं नाही. रणजी करंडकाच्या यादीत २०२०-२१ चं साल असंच कोरडं आहे, १९३४ ला स्पर्धा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. त्यानं कुणाची अब्रू गेली नाही.

उत्तर आलं, "तू तिकडं बसून काय सांगालास?"

नेहमीचं आहे हे. पाणी चार दिवसांतून एकदा येतं म्हटलं की तू तिकडं बसून. रेल्वे गेटावर तासभर अडकलो म्हटलं की तू तिकडं बसून. आणि गणपतीची वर्गणी मागताना मात्र मी गल्लीचा. असो. मला वाटतं आम्हा बेळगावकरांना अर्धवट सामन्यांची इतकी सवय झालीय की कुठला तरी एक निकाल आपल्या हातानं लावावा अशी खाजच सुटते. १९५६ पासूनचा एक सामना चालूच आहे, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे, वडील तारखा मोजत गेले. निदान फुटबॉलचा तरी लागू दे. हे मला कळतं. कळतं म्हणूनच चिडचिड होते.

आता तो शुक्रवार.

१३ मार्च २०२०. मी खास फायनलसाठी रजा काढून बेळगावात आलो होतो. त्याच आठवड्यात देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू आमच्याच राज्यात, कलबुर्गीला झाला होता. दुपारी बेंगळूरहून बातमी आली: मुख्यमंत्री येडियुरप्पांनी उद्यापासून आठवडाभर मॉल, थिएटर, लग्नाचे मोठे समारंभ, खेळाचे सामने सगळं बंद केलंय. आम्ही मैदानावरच होतो. चुना मारणारे मामा सकाळपासून ओणवे होऊन रेषा मारत होते. डब्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडलेली, त्यातून चुना पडायचा. दोरी धरायला कुणी लागायचं नाही, डोळ्यानंच सरळ. बातमी कळली तेव्हा त्यांचा एका बाजूचा पेनल्टी बॉक्स राहिला होता. ते म्हणाले, "मारून टाकतो. चुना काय परत डब्यात जातोय?"

संध्याकाळी गोवावेसला चहाच्या गाड्यावर दोन्ही टीमा जमल्या. तेव्हा आमच्या गोलकीपरला ती कल्पना सुचली. शिनोळी. बाचीच्या पुढं गेलं की महाराष्ट्र लागतो, चंदगड तालुका. बेंगळूरचा हुकूम तिथं चालत नाही. उद्या पहाटे दोन टेम्पो काढायचे, एखादं मैदान बघायचं, नव्वद मिनिटं खेळायचं आणि जेवायला घरी. कॅम्पवाले पण तयार झाले. कुणी तरी म्हणालं, "जन्मभर बेळगाव महाराष्ट्रात म्हणून ओरडलो, एक फायनल तरी महाराष्ट्रात होऊ दे." गाड्यावाला चहा सांडेपर्यंत हसला.

आणि मी नाही म्हटलं.

नुसतं नाही म्हटलं नाही, भाषण दिलं. तासा-दोन तासांपूर्वीच मोबाईलवर वाचलं होतं की आर्सेनलच्या कोचला लागण झाल्यावर प्रीमियर लीग थांबवली. म्हटलं, "तुम्हाला गांभीर्य नाही. आमच्याकडं एवढी मोठी लीग एका दिवसात बंद केली. आणि तुम्ही टेम्पोतनं सीमा ओलांडून खेळणार?" विलायतेहून आलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर सगळे गप्प झाले. फक्त गोलकीपर म्हणाला, "आमच्याकडं म्हणजे कुठं रे?"

मी उत्तर दिलं नाही. चहाचे पैसे दिले.

डॉक्टर म्हणतील मी बरोबर होतो. असेनही. पण त्या दिवशी मला साथीची भीती किती होती आणि माझं ऐकतात याचं सुख किती होतं, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर निम्मं-निम्मं. परतीचं तिकीट २९ तारखेचं होतं. विमानं बंद होतील या धास्तीनं ते बदलून सोमवारी सांबऱ्याहून निघालो. सगळ्यांना घरात बसा म्हणून सांगणारा पहिला माणूस गाव सोडून पळाला. आईला म्हटलं, "घरी पोचलो की फोन करतो." तिनं कुंद्याचा डबा हातात दिला, बोलली काही नाही.

पुढं सीमेवर नाकी बसली, पासाशिवाय कुणाला सोडेनात, शिनोळीही परदेश झाली. आमचा हाफबॅक मैदानाजवळ राहतो. त्यानं एप्रिलमध्ये फोटो पाठवला होता: मैदान ओस, दोन म्हशी सेंटर सर्कलमध्ये बसलेल्या, आणि मामांच्या रेषा जशाच्या तशा, दोन्ही बॉक्स पुरे. जूनचा पाऊस लागला तेव्हा गेल्या त्या. मामा पुढच्या वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात गेले.

आणि जूनमध्ये मी काय करत होतो? २५ जूनच्या रात्री चेल्सीनं मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं आणि घरात बसल्या बसल्या लिव्हरपूल तीस वर्षांनी विजेता झाला. गर्दी करू नका असं क्लब सांगत होता, महापौर सांगत होते, पोलीस सांगत होते. मी पोराला गाडीत घातलं, बोगद्यातून पलीकडं गेलो आणि लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानाबाहेर हजारो लोकांत उभा राहिलो. लाल धूर, फटाके, अनोळखी माणसांच्या गळ्यात गळे. मास्क खिशात होता. दहा मिनिटांच्या चालीवरची ट्रॅनमिअर सोळा दिवसांपूर्वी बुडाली होती, तेव्हा मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला सुद्धा त्या बाजूला वळलो नव्हतो.

हे मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही. त्या रात्रीचा फोटो होता, तो आईलाही पाठवला नाही.

तेव्हा फळ्यावर जागा मोकळी ठेवा, हे माझं म्हणणं न्यायाचं आहे की माझ्या सोयीचं, याची मला खात्री नाही. "फायनल झाली नाही" असं कोरलं की कुणामुळं झाली नाही ते कोरावं लागत नाही. कप शहापूरला आमच्या स्टॉपरच्या दुकानात आहे, साड्यांच्या गठ्ठ्यांमागं स्टीलच्या कपाटात. खंडेनवमीला तराजू-कात्रीबरोबर त्यालाही हळदकुंकू लागतं. बुडाला नावासाठी पितळी पट्टी बसवलेली, गुळगुळीत. मागच्या खेपेला मी ती अंगठ्यानं पुसली तर स्टॉपर म्हणाला, "पुसू नको, तेवढीच चमक राहिलीय."

काल रात्री ग्रुपवर ठरलं. डिसेंबरमध्ये फायनल खेळायची, आणि ती शिनोळीलाच. जे जिंकतील ते २०२० पुढं. मी मुकाट्यानं तिकिटांचे दर बघायला लागलो. ख्रिसमसच्या आधीचे दर म्हणजे दरोडा, तरी बघितले. बूट माळ्यावर आहेत. गुडघा एक बरा आहे.

मग गोलकीपरचा वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. कॅम्पवाल्यांनी एक अट घातलीय म्हणे. लाइन्समन मी व्हायचं. गल्लीतल्या कुणी हरकत घेतली नाही. "तू आता कुठल्याच बाजूचा न्हवंस, म्हणून सगळ्यांना चालतोय," त्यानं लिहिलं, आणि खाली झेंड्याचं चित्र.

दोन निळ्या टिका त्याला दिसल्या असतील. अजून उत्तर दिलेलं नाही.