‘फी भरा, डिप्लोमा घ्या’? आयबीच्या अटी आधी वाचा

दहावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज फिरतो. ‘इंटरनॅशनल शाळेत बारावीची परीक्षाच नसते. चार प्रोजेक्ट करा, समाजसेवेचे फोटो लावा, फी भरा, सगळे पास. आणि तो डिप्लोमा भारतात चालत नाही.’ मी आधी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते, आता आयबी डिप्लोमाच्या, म्हणजे ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमाच्या, मुलांना शिकवते. हा मेसेज वाचून विषय निवडणारे पालक दरवर्षी भेटतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

परीक्षा नसते म्हणे. माझ्याच विषयाचं सांगते. भौतिकशास्त्रात ८० टक्के भार लेखी पेपरांवर असतो आणि पेपर पूर्ण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमावर. उरलेले २० टक्के मुलाने स्वतः आखलेल्या प्रयोगाचे. ते गुण आम्ही शिक्षक देतो, पण नमुने आयबीचे परीक्षक पुन्हा तपासतात आणि आम्ही सढळ हाताने दिलेले गुण खाली आणतात. असे सहा विषय. त्यातले किमान तीन हायर लेव्हलला, म्हणजे जास्त खोलात, प्रत्येकी २४० तासांचे. बाकीचे स्टँडर्ड लेव्हलला, १५० तासांचे.

‘सगळे पास’ हे तर सरळ खोटं आहे. प्रत्येक विषयाला ७ पैकी गुण, म्हणजे सहा विषयांचे ४२. चार हजार शब्दांचा एक्स्टेंडेड एसे (मुलाने स्वतः लिहिलेला शोधनिबंध) आणि थिअरी ऑफ नॉलेज (आपल्याला एखादी गोष्ट कळते ती कशी, याचा अभ्यास) मिळून आणखी ३. एकूण ४५ पैकी किमान २४ हवेत, पण २४ मिळाले म्हणजे झालं असं नाही. एखाद्या मुलीला हायर लेव्हलला ४, ४, ३ आणि स्टँडर्डला ५, ५, ५ पडले असं धरा. बेरीज २६. तरी तिला डिप्लोमा मिळत नाही, कारण हायर लेव्हलच्या तीन विषयांत मिळून किमान १२ लागतात आणि तिचे ११ आहेत. कुठल्याही विषयात १ पडला, तरी डिप्लोमा गेला. एसेमध्ये किंवा थिअरी ऑफ नॉलेजमध्ये ‘ई’ ही सगळ्यात खालची श्रेणी आली, तरीही गेला. २०२४ च्या मे सत्रात जगभरात साधारण ८० टक्के मुलांना डिप्लोमा मिळाला. म्हणजे पाचांतलं एक मूल राहिलं. त्या मुलांनी हा मेसेज वाचला तर त्यांना काय वाटेल, याचा विचार पुढे पाठवणाऱ्याने करावा.

फोटोंबद्दल थोडक्यात. ‘कॅस’ला, म्हणजे कला, खेळ आणि सेवा या भागाला, गुण नसतात. पण ते साधारण १८ महिने चालतं, मुलांना त्याच्या नोंदी आणि स्वतःचं चिंतन लिहावं लागतं आणि ते अपुरं राहिलं तर डिप्लोमा अडतो.

मग ‘सगळे पास’ हा समज आला कुठून? मला वाटतं, समारंभामुळे. काही इंटरनॅशनल शाळा स्वतःचं हायस्कूल ग्रॅज्युएशनही देतात, त्याच्या अटी त्या शाळेच्या. मे-जूनमध्ये मुलं गाऊन घालून मंचावर जातात, आजी-आजोबा टाळ्या वाजवतात. आयबीचा निकाल लागतो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. समारंभात हातात पडलेला कागद आयबीचा डिप्लोमा नसतोच. पालकांनी हा फरक प्रवेशाच्या दिवशीच शाळेला विचारावा.

‘भारतात चालत नाही’ हेही चूक. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एआययू, १९८३ पासून हा डिप्लोमा बारावीच्या तोडीचा मानते. हे किमान २४ गुणांसह मिळवलेल्या पूर्ण डिप्लोमाबद्दल. काही विषय देऊन सुटे निकाल आणले तर गोष्ट वेगळी. जुलैतल्या निकालामुळे काही प्रवेशांत धावपळ होते, हेही मी नाकारणार नाही. पण डिप्लोमाला मान्यता नसणं आणि विषय चुकीचे घेतलेले असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलांचं खरं नुकसान दुसऱ्या गोष्टीने होतं.

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचंच घ्या. तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र तिन्ही लागतात, शिवाय इंग्रजी. आयबीत सहा विषय सहा गटांतून निवडायचे असतात, आणि त्या नेहमीच्या चौकटीत यातले दोनच विज्ञान विषय बसतात: एक विज्ञानाच्या गटातून, दुसरा कलेच्या गटाऐवजी. डिप्लोमाच्या सहा विषयांतच तिसरा घ्यायचा तर ‘नॉन-रेग्युलर डिप्लोमा’, म्हणजे नेहमीच्या चौकटीबाहेरचा डिप्लोमा, मागावा लागतो. एखाद्या देशातल्या विद्यापीठ प्रवेशासाठी तशी अट असेल तर आयबी ही सूट देऊ शकते. पण मागणी शाळेच्या डिप्लोमा कोऑर्डिनेटरमार्फत जाते, पालकांकडून परस्पर नाही. घरात डॉक्टरकीचा नुसता विचार जरी चालू असला, तरी अकरावीचा विषयांचा फॉर्म भरण्याआधी कोऑर्डिनेटरला भेटा आणि काय ठरलं ते ईमेलवर लिहून घ्या. बारावीत विचारायला येणाऱ्या पालकांना मला नाही म्हणावं लागतं, कारण तोवर तिसऱ्या विषयाचं एक वर्ष हातचं गेलेलं असतं.